उन्हाळी स्विम लीग : वेगवान मुलं बाहेरून आणायची का?

सांजवारा

मंडळी, आमच्या स्विमिंग पूलच्या बोर्डापुढे येत्या बैठकीत एक ठराव येतोय. आमच्याकडे मेंबरशिपसाठी प्रतीक्षा यादी आहे आणि काही कुटुंबं त्यात वर्षानुवर्षं थांबलेली आहेत. ठराव असा की दर उन्हाळ्यात काही जागा या यादीला वगळून ‘स्विम टीमला उपयोगी’ कुटुंबांना द्यायच्या. सरळ सांगायचं तर बारा महिने क्लबमध्ये पोहणारी वेगवान मुलं हेरायची, त्यांच्या आईवडिलांना गाठायचं आणि रांग ओलांडून आत घ्यायचं. मी टीम रेप आहे, म्हणजे लीगचा पत्रव्यवहार आणि मीटची (दोन पूलच्या संघांतल्या स्पर्धेची) जुळवाजुळव बघणारी पालक. त्यामुळे माझं मत विचारलं जाणार. मी ठरावाच्या विरोधात आहे. का, ते इथे लिहिते. पटलं नाही तर खोडून काढा, बैठकीआधी ऐकलेलं बरं.

ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी: नॉर्दर्न व्हर्जिनिया स्विमिंग लीग १९५६ पासून चालू आहे. वॉशिंग्टनच्या उपनगरांतले शंभरावर पूल त्यात आहेत. सहा-सहा संघांचे विभाग असतात आणि हंगाम जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, म्हणजे शाळेच्या सुट्टीतच उरकतो. शनिवारी सकाळी ‘ए मीट’. त्यात प्रत्येक शर्यतीला एका संघाची फक्त तीन मुलं. पहिल्याला ५ गुण, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १. पाच वयोगट, चार स्ट्रोक, मुलगे आणि मुली वेगळे, अशा ४० शर्यती. शिवाय १२ रिले, त्यात जिंकणाऱ्याला ५ आणि हरणाऱ्याला काही नाही. एकूण ४२० गुण, २११ झाले की मीट तुमची. ज्यांना शनिवारी जागा मिळत नाही त्यांच्यासाठी आठवड्यात संध्याकाळी ‘बी मीट’.

आता ‘तीन मुलं’ हा आकडा बघा. बाहेरून दोन वेगवान मुली आणल्या की नऊ-दहाच्या गटातल्या दोन मुली शनिवारच्या यादीतून थेट बाहेर जातात. मागच्या उन्हाळ्यात हे मी जवळून पाहिलंय. आमची एक मुलगी, बॅकस्ट्रोकला कायम तिसरी. सकाळी सातला आली, टोपी-गॉगल लावून मार्करवाल्या ताईंच्या रांगेत उभी राहिली. शर्यतीचा नंबर आणि लेन दंडावर लिहून घ्यायची मुलांना केवढी हौस असते, ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. ताईंनी कागद वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिला. नाव नव्हतं. आदल्या रात्री कोचने यादी बदलली होती, ईमेल तिच्या घरी कुणी उघडली नव्हती. त्या दिवशी तिने मैत्रिणीच्या दंडावर नंबर लिहिला.

आणि हे सगळं कशासाठी? लीग दरवर्षी विभाग नव्याने पाडते, ते आधीच्या हंगामातल्या वेळा बघून. या वर्षी आणलेल्या मुलांच्या जोरावर पाचही मीट जिंकलात तर पुढच्या वर्षी वरच्या विभागात जाणार, तिथे तुमच्यासारखेच वेगवान संघ असणार. मग परत मार खाणार, परत नवी मुलं शोधणार. विभाग पाडायची सोयच मुळी बरोबरीच्या संघांत चुरस व्हावी म्हणून केलेली आहे. खालच्या विभागात २१२-२०८ अशी शेवटच्या रिलेपर्यंत ताणलेली मीट मुलांना जितकी आवडते तितकी वरच्या विभागातली एकतर्फी मीट कधीच आवडत नाही.

कोल्हापुरी

आम्ही लाउडनमध्ये, ओल्ड डोमिनियन लीगवाले. आमचा पूल वसाहतीचा आहे, घर घेतलं की पूल आलाच, त्यामुळे प्रतीक्षा यादी वगैरे भानगड नाही. तरीही ‘माझ्या भावाच्या पत्त्यावर नाव घाला’ छाप प्रकार होतात.

सांजवारा, तुमचं वाचताना मला शाहू स्टेडियम आठवलं. पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ, सगळी घरची पोरं, अख्खी पेठ गॅलरीत. मग बाहेरचे खेळाडू यायला लागले, पार आफ्रिकेतलेसुद्धा. खेळ सुधारला हे मान्य करायलाच हवं, गर्दीही वाढली. पण माझा चुलतभाऊ ज्या वयात मैदानात उतरायचा त्या वयाची पेठेतली पोरं आता बेंचवर असतात. तरी तिथे मोठी माणसं खेळतात, बक्षिसाची रक्कम असते. इथे आठ वर्षांचं पोर पंचवीस मीटर पोहतंय आणि बक्षीस काय, तर एक रिबन.

मेघडंबरी

सांजवारा +१. ती ईमेलची गोष्ट वाचून फार वाईट वाटलं. कोचने किमान त्या मुलीला पूलवर समोर बोलावून सांगायला हवं होतं.

लेन चार

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. तुम्ही ज्यांना ‘बाहेरून आणलेले’ म्हणताय ते आम्ही.

आम्ही भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. कॉम्प्लेक्सच्या पूलला टीम नाही. मुलगा क्लबमध्ये पोहतो, त्याचे निम्मे मित्र उन्हाळ्यात आपापल्या पूलकडून पोहतात आणि जूनपासून त्याच्याशी बोलायला त्यांच्याकडे दुसरा विषय नसतो. आम्ही तीन पूलना विचारलं. एकाने यादीचं उत्तर दिलं, अंदाजे किती वर्षं लागतील तेही प्रामाणिकपणे सांगितलं. तोवर मुलगा कॉलेजात गेला असता. दुसरीकडे सुरुवातीचे पैसेच एवढे होते की व्हिसावर असलेल्या, दोन वर्षांत कुठे असू माहीत नसलेल्या कुटुंबाने ते भरावेत कसे? शेवटी एका कोचने विचारलं, ‘आमच्याकडे येता का?’ आम्ही हो म्हटलं. त्याला तुम्ही रिक्रूटिंग म्हणा. आमच्यासाठी तो एकमेव उघडा दरवाजा होता.

आल्यापासून मी दर शनिवारी टायमर म्हणून उभा राहतो. सहा लेन, प्रत्येकी तीन टायमर, मधली वेळ धरतात. दोन्ही संघांना मिळून अठरा माणसं नुसती घड्याळं धरायला लागतात. बायको स्ट्रोक अँड टर्न जज, म्हणजे मुलं नियमाप्रमाणे पोहतात आणि वळतात का हे बघणारी पंच, व्हायचं प्रशिक्षण घेऊन आली. ‘बाहेरचे येतात, पोराला सोडतात आणि छत्रीखाली बसतात’ हे मी पूलवर ऐकलंय, आमच्यासमोरच. त्यामुळे लिहितोय.

सांजवारा

लेन चार, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं झालं. तुमचा राग रास्त आहे. तुम्हाला आत घेतलं याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती निकषाची. तुमचा मुलगा पन्नास मीटरला पाच सेकंद हळू असता तर त्या कोचने तुम्हाला विचारलं असतं का? तुमच्यासारख्याच भाड्याच्या घरातल्या, पोहायला आत्ता कुठे शिकणाऱ्या मुलीसाठी तो दरवाजा बंदच राहतो.

जुनाजाणता

या भागात मी बरीच वर्षं आहे, माझी मुलं याच लीगमध्ये पोहून मोठी झाली. लेन चार यांनी जे बोट ठेवलंय ते योग्य जागी ठेवलंय, आणि त्याला इतिहास आहे. तो आपल्या लोकांना बहुधा ठाऊक नसतो म्हणून थोडं सविस्तर.

हे पूल निघाले ते पन्नास-साठच्या दशकात, उपनगरं वाढताना. परिसरातल्या कुटुंबांनी वर्गणी काढून शेअर घ्यायचे, त्यातून पूल बांधायचा. परिसरातल्या म्हणजे कोणत्या, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. फेअरफॅक्स काउंटीत लिटल हंटिंग पार्क नावाची अशी एक संस्था होती. पॉल सुलिव्हन नावाच्या सभासदाने आपलं एक घर थिओडोर फ्रीमन यांना भाड्याने दिलं आणि भाडेकरारासोबत पूलचा शेअरही त्यांच्या नावे केला. फ्रीमन कृष्णवर्णीय होते. बोर्डाने मंजुरी नाकारली. सुलिव्हन यांनी आवाज उठवला तर त्यांनाच काढून टाकलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९६९ मध्ये कोर्टाने दोघांच्या बाजूने निकाल दिला, १८६६ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारावर.

मेरीलँडमध्येही तेच. मॉन्टगोमेरी काउंटीतल्या व्हीटन-हेवन पूलमध्ये पाऊण मैलाच्या आतल्या रहिवाशांना प्राधान्य होतं, पण त्या वर्तुळात घर घेतलेल्या एका कृष्णवर्णीय जोडप्याला ते मिळालं नाही. ‘आम्ही खाजगी क्लब आहोत’ हा संस्थेचा बचाव सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये एकमताने फेटाळला.

आज तसं कुणी करत नाही, करूही शकत नाही. पण सांजवारा, ‘यादी म्हणजे न्याय’ असं गृहीत धरून चालू नका. ज्यांना इथे येऊन वीस वर्षं झाली, घर आहे, मूल जन्मताच नाव घातलं, त्यांच्या बाजूने यादी झुकलेलीच असते. तुम्ही यादीचं रक्षण करायला उभ्या राहिलात तर समोरून हाच मुद्दा येईल आणि तो बरोबर असेल.

रानजाई

मी दोन उन्हाळे एका संघाची असिस्टंट कोच होते, कॉलेजात असताना. आता क्लबमध्ये शिकवते. कोचच्या बाजूने दोन गोष्टी.

एक, सगळंच रिक्रूटिंग म्हणजे लोभ नव्हे. आठच्या वरच्या गटांत मेडली रिले असते, चार मुलं, चार वेगळे स्ट्रोक. माझ्याकडे अकरा-बाराच्या मुलींत सात फ्रीस्टाइलवाल्या होत्या आणि कायदेशीर ब्रेस्टस्ट्रोक एकीलाही येत नव्हता. दर शनिवारी कुणाची तरी कात्री-किक (पाय कात्रीसारखे मारणं) व्हायची, जज हात वर करून रिले बाद करायचा आणि उरलेल्या तिघी रडायच्या. क्लबमधली एक मुलगी आमच्या पूलपासून चालत यायच्या अंतरावर राहते हे कळल्यावर मी तिच्या आईशी बोलले. यात मला आजही काही गैर वाटत नाही. तिच्यामुळे बाकीच्या तिघींना रिले मिळाली. आणि ब्रेस्टस्ट्रोकची किक कशी दिसते हे लहान मुलींना त्यांच्याच वयाच्या कुणाकडून तरी बघायला मिळालं. मी काठावर उभी राहून कितीही हातवारे केले असते तरी ते जमलं नसतं.

दोन, आणि हे ठराव आणणाऱ्यांना जरूर सांगा. दहाव्या वर्षीची वेळ बघून कुटुंब निवडणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. लीग वय धरते १ जूनचं. २ जूनला अकरा वर्षं पूर्ण होणारा मुलगा अख्खा हंगाम लहान गटातच राहतो, आणि मेअखेरीस वाढदिवस असलेला मुलगा नुकता मोठ्या गटात ढकललेला असतो. दोघांच्या वयात महिन्याचाही फरक नसतो, पण एक आपल्या गटातला सगळ्यात थोराड आणि दुसरा सगळ्यात लहान. त्यावर कोण आधी उंच झालं हा भाग. काही मुली तर बाराव्या वर्षापर्यंत एकदम पुढे जातात आणि मग बाकीच्या त्यांना गाठतात. नवव्या वर्षी सगळ्यांना मागे टाकणारी आणि तेराव्या वर्षी मागच्या हीटमध्ये गेलेली किती मुलं पाहिली! त्यातली बरीच त्यानंतर पोहायचीच थांबली, कारण ‘जिंकतेस म्हणून तू इथे आहेस’ हे त्यांना कुणीतरी आधीच शिकवून ठेवलेलं असतं.

तुमचा बोर्ड ज्या मुलाला यादी ओलांडून आणेल त्याच्या डोक्यावर हे ओझं पहिल्या दिवसापासून असेल. हळू पोहला तर? मेंबरशिप काढून घेणार का?

कोल्हापुरी

रानजाई, शेवटचा प्रश्न बैठकीत जसाच्या तसा विचारावा.

मृद्गंध

पुण्याहून. आमच्या लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे टिळक तलावावरची बॅच, पाठीला डबा बांधून उडी. पण शिकून झालं की एकतर रोज पहाटे सराव करणाऱ्या स्पर्धकांत जा, नाहीतर पोहणं सोडा. मधलं काहीच नव्हतं. फार वेगवान नाही पण पोहायला आवडतं अशा मुलाला संघाचा पोशाख, शर्यत, आरडाओरडा, हे सगळं मिळतंय हे वाचून मला तुमच्या लीगचा हेवा वाटला. ते बारा महिनेवाल्यांच्या हवाली करू नका. त्यांना त्यांच्या क्लबच्या स्पर्धा वर्षभर आहेतच.

पाणपोई

मॉन्टगोमेरी काउंटीची लीग आमची. इथे नुसतं ‘केटी लेडेकी’ म्हटलं की वाद मिटतो असं लोकांना वाटतं, म्हणून लिहिते. केटी लेडेकी आमच्याच लीगमधली. सहाव्या वर्षी पॅलिसेड्स पूलच्या संघात आली, थोरल्या भावाबरोबर. हेतू काय, तर सुट्टीत ओळखी व्हाव्यात. २०१२ साली लंडनला ८०० मीटरचं सुवर्ण जिंकली तेव्हा १५ वर्षांची होती आणि पॅरिसपर्यंत तिची नऊ ऑलिंपिक सुवर्णं झाली.

दर वसंतात आमचे काही पालक म्हणतात, ‘बघा, इथून लेडेकी निघते, म्हणून संघ तगडा हवा.’ मला तर उलटच दिसतं. त्या सहा वर्षांच्या मुलीला कुणी घड्याळ लावून निवडलं नव्हतं. घराजवळचा पूल होता आणि संघात जागा होती. ती जागा बाहेरच्या तीन वेगवान मुलींनी भरलेली असती तर?

लेन चार

पाणपोई, तशीही ती सहा महिन्यांत तिघींच्या पुढे गेली असती :) पण मुद्दा समजला.

सांजवारा, तुमच्या प्रश्नावर विचार केला. खरं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पाच सेकंद हळू असता तर आम्हाला कुणी विचारलं नसतं. मुलाची धाकटी बहीण आहे, तिला पाण्याची भीती वाटायची. ती आज त्याच पूलवर बी मीट पोहते, पण भावाच्या वेळेमुळे. हे मला बरं वाटत नाही. तरीसुद्धा यादी जशी आहे तशी राहू देणं हा तोडगा नव्हे. तुमच्या बोर्डापुढचा ठराव पडला तर माझ्यासारख्यांसाठी काय बदलतं? काहीच नाही. वेगवान मुलंही बाहेर, हळू मुलंही बाहेर.

मेघडंबरी

आमच्या जवळच्या एका पूलने भाडेकरूंसाठी फक्त एका उन्हाळ्याची मेंबरशिप ठेवली आहे. शेअर घ्यायला लागत नाही, सुरुवातीची मोठी रक्कम नाही. बाहेरगावी गेलेल्या सभासदांच्या जागा त्या उन्हाळ्यापुरत्या देतात. चिठ्ठ्या टाकून.

सांजवारा

मेघडंबरी, हे मला माहीत नव्हतं आणि नेमकं हेच हवं होतं. आमच्याकडेही दर उन्हाळ्यात काही सभासद भारतात किंवा आणखी कुठे जातात आणि पूर्ण पैसे भरून बसतात. त्यांच्या जागा रिकाम्या पडतात. काल खजिनदारांशी बोलले, त्यांच्या मते हे आमच्या नियमांत बसू शकतं.

जुनाजाणता काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. बैठकीत मी यादीची वकिली करणार नाही. ठरावाला दुरुस्ती सुचवते. ती अशी लिहिली आहे:

‘स्विम टीमला उपयोगी’ हे शब्द काढावेत. त्या उन्हाळ्यात न येणाऱ्या सभासदांच्या जागा एका हंगामासाठी, शेअरशिवाय, भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांना चिठ्ठी टाकून द्याव्यात. अर्जात मुलांच्या पोहण्याच्या वेळा, क्लबचं नाव यांपैकी काहीही विचारू नये. कोच किंवा टीम रेपने कुणाही कुटुंबाच्या मेंबरशिपसाठी शब्द टाकू नये. रानजाईंच्या ब्रेस्टस्ट्रोकवाल्या मुलीसारखं कुणी शेजारी राहत असेल तर तिच्या आईला चिठ्ठीची तारीख जरूर सांगावी, पण चिठ्ठी सगळ्यांबरोबरच.

आणि एक मागणी कोचसाठी वेगळी: हंगामात प्रत्येक मुलाला, ज्याला ए मीट पोहायची आहे त्याला, किमान एका शनिवारी एका तरी शर्यतीत उतरवायचं. पाच शनिवार आहेत. यासाठी एखादी मीट हरावी लागली तर चालेल, हे बोर्डाने कोचला लेखी द्यावं. नाहीतर हरल्याचं खापर त्या बिचाऱ्या वीस वर्षांच्या कोचवर फुटतं.

रानजाई

लेखी देण्याचं कलम अजिबात गाळू नका. माझ्या वेळी तोंडी सगळे ‘मुलांना मजा यायला हवी’ म्हणायचे आणि दोन मीट हरल्यावर तेच पालक काठावर येऊन मला यादीबद्दल जाब विचारायचे. आणि शनिवारच्या यादीत बदल झाला तर कोचने त्या मुलाला स्वतः भेटून सांगायचं, ईमेलवर नाही, हेही त्यातच घाला.

जुनाजाणता

दुरुस्ती चांगली आहे. दोन सूचना. चिठ्ठी मार्चअखेर काढा, मेमध्ये नको. भाडेकरूंना लीज वाढवायची की नाही हे त्याच सुमारास ठरवायचं असतं. आणि लगोलग दुसऱ्या वर्षी त्याच कुटुंबाला परत अर्ज करता येईल का, ते आत्ताच लिहून ठेवा. एक उन्हाळा पोहलेल्या मुलाला पुढच्या जूनमध्ये फाटकाबाहेर ठेवायची वेळ बोर्डावर येऊ नये.

लेन चार

बैठक सभासदांना खुली असते ना? माझ्या पूलची नाही, तुमची. बाहेरच्या माणसाला बोलायला देत असतील तर मी येतो. ‘रिक्रूट’ म्हणून आलेल्या घरातल्या कुणीतरी या दुरुस्तीच्या बाजूने बोललेलं बोर्डाने ऐकावं असं वाटतं.

सांजवारा

सुरुवातीची पंधरा मिनिटं कुणालाही बोलता येतं, फक्त आदल्या दिवसापर्यंत नाव द्यावं लागतं. तुमचं नाव मी देते. वेळ आणि पत्ता खाजगी निरोपात पाठवते.